भाभींनी न दाबलेलं बटण

रविवार, संध्याकाळ

सलीमभाईंना माती देऊन आत्ताच आलो. हात धुतले, तरी माती नखांत आहेच.

सकाळी मी वायरलेस घेऊन म्हैसमाळच्या माथ्यावर होतो. आम्हा दोघांनाही लायसन काढून वायरलेसवर बोलायचा छंद; दर रविवारी आमच्यातला एक डोंगर चढतो आणि दुसरा घरून उत्तर देतो. आज घरी बसायची पाळी त्यांची. अर्धा तास हाका मारल्या. शेवटी चिडून म्हणालो, "सलीमभाई, झोप झाली नाही का अजून?"

तेव्हा ते हर्सूलच्या घरी सेटपुढंच कोसळले होते. जवळ फक्त भाभी. घरात फोन नाही. रिक्षा मिळायला पाऊण तास गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

कब्रस्तानातून परतल्यावर भाभी पडद्याआडून म्हणाल्या, "भाईसाब, तुमचा आवाज येत व्हता. बोलायचं बटण हाताजवळच व्हतं. पण तुम्हीच बोलले व्हते ना, लायसन नाय त्यानं दाबायचं नाय."

बोललो होतो. मागं एकदा भाभींनी गमतीनं ते बटण दाबलं, तर मीच ओरडलो होतो. आज दाबलं असतं तर मी ऐकलं असतं, शहरातल्या आठ-दहा वायरलेसवाल्यांनी ऐकलं असतं. त्यातल्या दोघांकडं तर मोटार आहे.

"बरोबर केलं ना मी?" भाभींनी विचारलं.

मी व्हय म्हणालो.

जीव जात असेल तर लायसन नसलेल्यानंही बटण दाबावं, हा नियमही मला पाठ आहे. तेवढाच त्यांना कधी सांगितला नाही. आजही नाही.