सदुसष्टची मस्टँग

११ जाने.
गाडी आली. आग्नेल मेकॅनिक स्वतः चालवत घेऊन आला म्हापशाहून. लाल रंग, आत काळ्या सीटा, बॉनेटखाली खरीखुरी व्ही-एट, आठ सिलिंडरची. चार पावसाळे गेले या दुरुस्तीत. पप्पा झोपले होते. लकव्याने डावी बाजू गेल्यापासून दुपारची झोप लांबते. उठवलं नाही. उद्या.

१२ जाने.
पप्पांची खुर्ची अंगणात आणली. आग्नेलने चावी फिरवली. आवाजाने कोंबड्या पळाल्या, शेजारची रोझीबाय कुंपणाशी आली. पप्पा मान कलती करून ऐकत राहिले.
"कोणाची गाडी गो?"
"आपलीच, पप्पा. मस्टँग."
"ह्यो आवाज आमच्या गाडयेचो न्हय. आमची खंय आसा?"
आग्नेल हसला, मीही. मग आत येऊन भांडी घासत बसले.

१३ जाने.
त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. चौसष्टला पहिली मस्टँग निघाली. सदुसष्टला अंगाने रुंद केली, मोठं इंजिन मावावं म्हणून. पुढे फुगतच गेली, चौऱ्याहत्तरला एकदम लहान. आपली सदुसष्टची. तुम्ही मुंबईत एका परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतलीत, पेट्रोल परवडेना म्हणून जीपचं डिझेल इंजिन बसवलंत. ते काढून मी तिला कारखान्यातून निघाली तशी केली.
पप्पा म्हणाले,
"तुझ्या आवशीक पणजीक व्हरलंय, तेवा डिझेल होतां. अख्खी वाट ती बोलत होती. त्या आवाजात माका अर्धां आयकाक इलां नाय."
ममी पणजीच्या हॉस्पिटलातून परत आली नाही. वाटभर बोलत होती आणि इंजिनाच्या आवाजात पप्पांना अर्धं ऐकू आलं नाही, हे मला आज कळलं.

१७ जाने.
शाळेतून परस्पर सर्जेकोटला, जुनं इंजिन परत मागायला. डिझेल इंजिन मीच बाबलला दिलं होतं, त्याच्या होडीसाठी.
"टीचर, आता तां खंय गावतलां? होडी फुटली, इंजिन भंगारात दिलंय."
चहा घे म्हणाला. नको म्हटलं. जेटीवर दोन होड्या सुरू होत्या, मला दोन्हींचा आवाज सारखाच.
आग्नेलला फोन. म्हणाला, तसलं दुसरं मिळेल, पण ही व्ही-एट काढून पुढचा भाग परत कापावा लागेल. "आणि आवाज तोच येईल, ते मी नाही सांगू शकत."
फोन ठेवला.

२९ जाने.
पप्पांना ताप. डॉ. म्हणाले, छातीत पाणी. गाडीबद्दल विचारायचे थांबलेत. विचारत होते ते बरं होतं.
बंपरवर तांबूस ठिपके. खारा वारा. पुसले. संध्याकाळी परत आले.

४ फेब्रु.
दोन दिवस अन्न नाही, पाणी चमच्याने. फादर येऊन गेले.
दुपारी पलीकडच्या लॉजला पाण्याचा टँकर आला. डिझेल इंजिन चालू ठेवून पाणी सोडत होता, भिंती थरथरत होत्या. बंद कर सांगायला निघाले, तर पप्पांनी उजव्या हाताने साडी धरली. डोळे मिटलेले.
"आना, जोरान बोल गो."
आना म्हणजे ममी.
खाली बसले. काय बोलायचं? ममी त्या वाटेत काय म्हणाली ते मला कुठं ठाऊक. तोंडाला आलं ते बोलले, कोंबड्या, शाळा, रोझीबायचं गुडघ्याचं ऑपरेशन. ते "हं" म्हणत होते. टँकर गेला, तसा त्यांचा हुंकारही थांबला.
लॉजवाल्याला विचारायला हवं, टँकर परत कधी येणार.