आजारी मेंढरू

मिरज, मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय इंद्रजितदादा,

नमस्कार. तुझ्या चौकीवर बर्फ पडायला लागला असेल. आईनं पाठवलेलं घोंगडं पोचलं का, ते कळव. इकडं सगळी बरी आहेत, असं लिहिण्याआधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते.

'नवी ऑपरेटिंग सिस्टीम बिघडली म्हणून आपले शेअर पडले,' असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. सिस्टीम उत्तम चालते. हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर मी दिवसभर तिच्यावरच काम करते. जुन्या संगणकांवर ती चालेना, म्हणून इथले सगळे बदलले. त्यावरून मला वाटलं, आता सगळीकडं बदलतील आणि संगणक विकणाऱ्या कंपनीचा भाव चढेल. बाजारातल्या लोकांना हे माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. भाव तेव्हाच चढून बसला होता. सिस्टीम आली तसे ते विकायला लागले, आणि आपण त्याच आठवड्यात घेतले.

आबांनी निम्मा कळप गुडघेदुखीमुळं विकला, असंही तुला कळवलं होतं. गुडघे दुखतात हे खरं. पण विकला तो माझ्या शब्दावर, हे शेअर घ्यायला.

दिवाळीत घरी गेले तेव्हा म्हटलं, आबा, आहे त्या भावात शेअर विकून टाकू. ते कोकराचे खूर साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "आजारी मेंढरू लोकाच्या गळ्यात बांधायचं व्हय गं? घेणाऱ्याला काय सांगशील?"

मी समजावलं, की घेणारा कोण ते आपल्याला कळतच नाही.

"मग तर लयच वाईट."

तुला माहीत आहे, दुखणाईत जनावर त्यांनी कधी बाजारात नेलं नाही. घरी ठेवून, खुराक वाढवून बरं केलं. आता भाव उतरला की त्यांना तेच सुचतं. राहिलेली मेंढरं येत्या रविवारच्या बाजारात विकून ते आणखी शेअर घेणार आहेत. कवठ्याचा व्यापारी कळप बघूनही गेला.

आईनं मला एकदाच विचारलं, "पुन्हा चढतील न्हवं?" मी चढतील म्हणाले. आबा दारातच होते.

चढतील की नाही, मला माहीत नाही, दादा. आपल्या घरात कॉलेज मी एकटीनं पाहिलं. पोस्टातलं, बँकेतलं, दवाखान्यातलं, जे विचारलं त्याला मी उत्तर दिलं. 'मला माहीत नाही' असं त्या घरात मी कधी बोललेच नाही.

तू आबांना काही लिहू नकोस. त्यांचा विश्वास माझ्यावर आहे, तेव्हा ते माझ्याच तोंडून ऐकू देत. फोनवर मला ते जमणार नाही, आवाज ऐकला की मी पुन्हा चढतील म्हणेन. रजा मिळाली आहे.

कळप बाजाराला निघायच्या आधी, शनिवारी, आठ तारखेला, घरी जाऊन आबांसमोर बसणारी

तुझी
क्रांती