मैदानाचं पत्र

१२ जुलै १९८२, सोमवार
प्रार्थना झाल्यावर सांगून टाकलं. यंदापासून मुलींची व्हॉलीबॉलची टीम बंद. कारण दिलं बोर्डाच्या रिझल्टचं. रिझल्ट वाईट लागला हे खरंच आहे, पण कारण ते नाही. कारण माझ्या ड्रॉवरमध्ये. गेल्या गुरुवारी वरच्या ऑफिसचं पत्र आलं: सायन्सच्या दोन नव्या खोल्या मंजूर, जागा मागचं मैदान. शाळेला दुसरं मैदान नाही. पावसाळा संपला की काम सुरू. पत्राचं कोणालाच बोलले नाही. खेळाच्या साहू सरांनाही नाही. वाद घालायची ताकद नाही आता.

मधल्या सुट्टीत सहा मुली ऑफिसात. पुढे कप्तान, दहावीची रेखा. बाप स्टील प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या भट्टीवर. आमच्याच भंडाऱ्याकडची माणसं, म्हणून या हिंदी मुलखात माझ्याशी मराठीत.
"मॅडम, टीम कावून बंद करून राहिल्या?"
म्हटलं, रिझल्ट.
"आमी त साऱ्या पास झालो."
डोकं ठणकत होतं, हजेरीचे कागद पडलेले. त्यांना घालवायचं म्हणून बोलून गेले, "संभागाची स्पर्धा जिंकून आणा. मग टीमही राहील, मैदानही राहील."
संभाग म्हणजे जिल्ह्याच्या वरची पायरी, या तर तीन वर्षं जिल्ह्यातच हरतात. पण मैदानाचं त्यांनी विचारलंच नव्हतं. माझ्या तोंडातून का निघालं?

१४ जुलै
सकाळी सातला पोचले तर मैदानावर नेट लागलेलं. चिखल, सलवारी गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. साहू शिटी वाजवताहेत. मला बघून म्हणाले, "बडी मैडम, आपने तो जान डाल दी लड़कियों में."
छत्री मिटली आणि ऑफिसात गेले.

२० जुलै
वरच्या ऑफिसातून माणूस आला. सोबत छापील फॉर्म. 'उक्त मैदान उपयोग में नहीं है.' खाली प्राचार्यांची, म्हणजे माझी, सही आणि शिक्का हवा.
खिडकीतून बॉलचा आवाज येत होता. त्या माणसालाही येत असणार.
सही केली.

२१ जुलै
यांची फर्स्ट शिफ्ट होती. दुपारी जेवताना सांगितलं सगळं. हे वरण ओतून घेत म्हणाले, "तुले कोनं सांगतलं होतं बोलाले?" मग भात कालवत, "आन् सही कराले?"
ताट तसंच ठेवून उठले. चिडून नाही. नुसतंच बसवेना.

१६ ऑगस्ट
जिल्हा जिंकल्या. म्हणजे खरोखर. साहूंनी पेढे वाटले. स्टाफरूममध्ये टाळ्या. मी पण वाजवल्या.
संध्याकाळी हिशोब केला मनाशी, संभागात रायपूरच्या मुली आहेत, उंच आहेत, तिथे टिकणार नाहीत. इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. प्राचार्य आपल्याच मुली हरायची वाट बघते आहे.

९ सप्टेंबर
रेखाचे वडील आले. शिफ्टवरून तसेच, बाह्यांवर काजळी. खुर्चीवर बसेनात. म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हनते तुमी शब्द देल्ला. तिची माय तिच्या मावशीच्या बाळंतपनाले गेली. मंग मीच सैपाक करून राहिलो दोनी टाइम. म्हटलं मॅडमनं शब्द देल्ला त पोरीले खेळू द्या."
मी म्हटलं, अभ्यासाकडे लक्ष असू द्या.
"हो हो," म्हणाले. दारात चपला घालताना पुन्हा हात जोडले.
सांगायला हवं होतं. तेव्हाच. तोंड उघडलं होतं मी, आणि अभ्यासाचं निघालं.

२५ सप्टेंबर, शनिवार. रायपूर
साहूंनी गळ घातली म्हणून गेले. पॅसेंजरने. गुडघा सुजला. मैदानाच्या कडेला लोखंडी खुर्ची, माथ्यावर ऊन.
पहिला गेम सरळ हरल्या. वाटलं, चला. दुसरा कसाबसा काढला. तिसऱ्यात तेरा-तेरा. रेखा सर्व्हिसला. बॉल हातात धरून तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. का हलवली? कोणत्या तोंडाने?
सर्व्हिस कोणाला उचलताच आली नाही. मग एक लांबलेली रॅली, समोरच्या उंच मुलीचा बॉल बाहेर.
पंधरा-तेरा.
मी उभी होते. केव्हा उठले आठवत नाही. ओरडत होते म्हणे. साहू नंतर हसत सांगत होते. ती पंधरा मिनिटं पत्र, सही काहीच डोक्यात नव्हतं. कित्येक वर्षांत असं झालं नाही.
परतताना कप माझ्या मांडीवर. रेखा म्हणाली, "तुमीच धरा मॅडम. पाडू नोका." डबाभर मुली गात होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसले.

२७ सप्टेंबर
कंत्राटदाराची माणसं आली, नेटच्या खालूनच चुन्याच्या रेघा मारल्या. मुली बघत उभ्या.
आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. सहाही जणींना आणि साहूंना बोलावलं. पत्र दाखवलं. तारीख पण दाखवली. फॉर्मवर सही केली तेही सांगितलं.
साहूंनी गळ्यातली शिटी काढून खिशात टाकली. एक मुलगी रडायला लागली.
रेखा पत्र वाचून म्हणाली, "म्हनजे तुमाले पहिलेच मालूम होतं."
"हो."
"मंग आमाले खेळाले कावून लावलं?"
म्हटलं, वाटलं तुम्ही हराल.
हे बोलायला नको होतं कदाचित. पण खरं तेच होतं. तिने पत्राची नीट घडी घातली, टेबलावर ठेवलं, आणि गेली. मागून बाकीच्या.

३० सप्टेंबर
ऑफिसात गेले. वरच्या ऑफिसातले साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. म्हटलं, खोल्या पुढच्या बाजूला बांधा. माझी बाग आहे, सायकल स्टँड आहे, ते काढा.
"नक्शा पास हो गया, मैडम."
म्हटलं, मैदान वापरात आहे. मी खोटं लिहून दिलं होतं.
त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज उतरवून म्हणाले, "ये बात लिखके मत दीजिए. दो साल बचे हैं, आराम से निकालिए. पेंशन का मामला है." वाईट माणूस नाही. माझ्या भल्याचंच सांगत होता. चहा मागवला. प्यायले.
येताना सिव्हिक सेंटरच्या बाजारात उतरून उगीच बाकावर बसले अर्धा तास.

४ ऑक्टोबर
मैदानावर कोणी येत नाही. साहू हजेरी लावतात, कामापुरतं बोलतात.
यांना विचारलं, लिहून देऊ का. म्हणाले, "मले कायले विचारतं? मी नाही म्हटलं त थांबशील का?"
थांबले असते. तेच तर.

६ ऑक्टोबर
लिहिलं. तीन वेळा फाडलं, चौथ्यांदा साफ उतरवलं. मैदान वापरात होतं, आहे, वीस जुलैचं प्रमाणपत्र माझ्या हातून चुकीचं गेलं, जबाबदारी माझी. पुढच्या जागेचा कच्चा नकाशा जोडला. स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. बाबू दोनदा वाचून माझ्याकडे बघत राहिला.
भीती वाटेल असं वाटलं होतं. नुसती झोप येत होती.

८ ऑक्टोबर, शुक्रवार
वरच्या ऑफिसचा निरोप: सोमवारी साहेब स्वतः जागा बघायला येणार. माझं स्पष्टीकरणही तेव्हाच. काम तोवर थांबवलं आहे. थांबवलं, रद्द नाही.
दुपारी रेखा आली. अकरा दिवसांनी. हातात टी.सी.चा अर्ज, बापाची सही. दुसऱ्या शाळेने बोलावलंय तिला, तिथे पक्कं कोर्ट आहे. चांगली शाळा आहे. मी तिची आई असते तर पाठवलंच असतं.
म्हटलं, "सोमवारपर्यंत थांबशील?"
"सोमवारी काय हाय?"
सांगितलं. लिहून दिलं तेही. साहेब ऐकतीलच असं नाही, तेही.
"तुमाले काई करतीन का ते?"
"माहीत नाही."
म्हटलं, बस. विद्यार्थी माझ्यासमोर बसत नाहीत, तीही बसली नाही. अर्ज टेबलावरून उचलला, पुन्हा ठेवला.
"मॅडम, साहेब कितीले येनार?"
"अकराला."
"आमचा तवा गनिताचा पिरेड असते. सुटी द्यान त नेट लावतो," म्हणाली, आणि गेली.
अर्ज इथेच आहे. मी सही केलेली नाही.