फक्त ॲडमिन बोलतील

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

हवामान खात्याचा इशारा आला. मराठवाड्यात अतिवृष्टी. शेवटी वेळ आली.

'आम्ही धावडेकर' हा ग्रुप मी काढला तेव्हा लोक हसले होते. आज गावातले, इकडे नवीन जालन्यातले, पार पुण्यातले धावडेकर एका ग्रुपवर आहेत आणि ॲडमिन एकटा मी. संकल्प: या पावसात आपला ग्रुप जिल्ह्यात आदर्श ठरला पाहिजे. कलेक्टर ऑफिसला दखल घ्यावी लागेल असं काम. पुढे कोणी विचारलं तर पुरावा असावा म्हणून आजपासून ही रोजनिशी.

प्रोफाइलवर नावापुढे 'आपत्कालीन समन्वयक' टाकलं. रेनकोट घालून गॅलरीत फोटो काढून घेतला. सौ. म्हणाली, पाऊस कुठंय? मग तिनेच मगभर पाणी रेनकोटवर ओतलं. फोटो झकास आला.

संध्याकाळ.

आईला फोन. ती धावड्यात एकटी, घर ओढ्याच्या काठाला. इकडे चल म्हणालो तर उद्या घट बसायचेत म्हणाली. घट बसला की नऊ दिवस जागचा हलवत नाहीत, हे मलाच समजावून सांगितलं. पत्रे गळतात म्हणाली. मी तिला ऑरेंज अलर्ट म्हणजे काय ते नीट समजावलं. घटाला येतोस का, असं तिने विचारलं. परिस्थिती पाहून ठरवतो म्हणालो. परिस्थिती: आकाश निरभ्र.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

पाऊस सुरू. ग्रुपवर नुसता मासळीबाजार. कोणी म्हणतो पूल गेला, कोणी म्हणतो आहे. एकाला टॉर्च पाहिजे, एकीला दूध पाहिजे, पुण्याचा एकजण सारखे रडके चेहरे टाकतोय. एकाने आसामचा पूर आपल्या ओढ्याचा म्हणून पाठवला. या गोंधळात माझी मार्गदर्शक सूचना कुठल्या कुठे वर गेली.

दुपारी निर्णय घेतला. सेटिंग बदललं. यापुढे ग्रुपवर फक्त ॲडमिन बोलतील. एका बोटाने अख्खं गाव शांत. असं प्रशासन पाहिजे.

नाहीतरी शिस्तीच्या बाबतीत मी कच्चा नाहीच. आईच्या शेजारची दैवशाला. पोळ्याला तिने भर ग्रुपवर विचारलं, अंगदभाऊ, मायला कधी घेऊन जाता, पत्रे लई गळून राह्यलेत. नियम क्रमांक चार: वैयक्तिक प्रश्न विचारू नयेत. तिथल्या तिथे काढून टाकली. तेच फोनवर विचारायला लागली, म्हणून नंबरही ब्लॉक केला. कायदा सर्वांना सारखा.

२३ सप्टेंबर, मंगळवार.

रात्रभर धो धो पाऊस. सकाळपासून सूचनांचा धडाका. विजेच्या खांबाला हात लावू नये. उकळलेलं पाणी प्यावं. घाबरू नये. त्यावर माझा रेनकोटमधला फोटो टाकून पोस्टर केलं. फॉन्ट जमायला दुपार झाली. मध्येच सौ. येऊन काहीतरी सांगत होती. पोस्टर झाल्यावर बोलू म्हणालो.

ग्रुपवर एकही तक्रार नाही. याचा अर्थ गाव सुखरूप आहे.

आईचा फोन बंद. बॅटरी जपून वापर असं मीच तिला सांगितलं होतं. ऐकते बिचारी. उलट बाकीचे ऐकत नाहीत. गावाकडून नुसते अनोळखी नंबर येऊन राहिलेत. समन्वयकाने कोणाकोणाचे फोन घ्यायचे? अनोळखी कॉल सायलेंट करून टाकले.

२४ सप्टेंबर, बुधवार.

छत्री मोडली म्हणून सत्यनारायणशेठच्या दुकानात गेलो. यांच्या तीन पिढ्या धावड्यात मिरचीचा व्यापार करत होत्या, आता इथे जनरल स्टोअर. टेम्पोत ताडपत्र्या, मेणबत्त्या, बिस्किटांची खोकी भरून राहिले होते. कोणाच्या आदेशाने, असं विचारलं. हसले. म्हणाले, गावाला चाल्लोय, अंगदभाऊ, पुढं बसायला जागा आहे, तुम्ही पण चला, जल्दी निघतोय.

मी त्यांना शांतपणे समजावलं. सेनापती आघाडीवर नसतो, केंद्रात असतो. त्यांनी मान डोलावली. माझं पोस्टर टेम्पोला लावा म्हणालो तर त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि ओलं होऊ नये म्हणून गुंडाळून बिस्किटांच्या खोक्यात तळाशी घातलं. माणूस जुन्या वळणाचा.

छत्री घ्यायची राहिली.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

भोकरदनच्या पुढे रस्ता बंद असं कळलं. नाहीतर आज निघणारच होतो. (शेठचा टेम्पो गेला म्हणे. टेम्पो उंच असतो.)

शिवाय ऑफिस. आमच्या बियाणे कंपनीत रब्बीची धावपळ. रजेचा अर्ज लिहिला, दिला नाही. साहेबांचा मूड पाहून देईन.

जेवताना सौ. म्हणाली, आईंकडे कधी जाता? मी म्हणालो, ग्रुपवर काही वाईट बातमी नाही. ती म्हणाली, बातमी येईल कुठून, तुम्ही सगळ्यांची तोंडं बांधली. तिला यंत्रणा म्हणजे काय ते कळत नाही. भाजी खारट होती. तक्रार केली नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

धक्कादायक प्रकार. सौ.चा फोन सारखा वाजतो म्हणून उघडून पाहिला. 'धावडा, दाराशी पाणी' नावाचा ग्रुप. ॲडमिन: दैवशाला! माझ्या ग्रुपमधले झाडून सगळे त्यात. पुण्याचा रडका चेहरा पण. सत्यनारायणशेठ पण. सौ. पण. नाही तो फक्त मी.

ग्रुपला नियम एकही नाही. शुद्धलेखन भयानक. कोणाकडे कोरडी खोली आहे, कोणाच्या चुलीवर जास्तीच्या भाकरी आहेत, कोणाच्या म्हाताऱ्याच्या गोळ्या संपल्या, एवढंच. पुण्याचा तो पोरगा तिथून एकेका घरी फोन लावून विचारून राहिला होता आणि जो उचलत नाही त्याच्याकडे कोणी ना कोणी चिखलातून जात होतं. याला समन्वय म्हणत नाहीत. तरी वाचत गेलो.

मंगळवारी पहाटे आमच्या घरात पाणी शिरलं. आई बाजेवर चढून बसली, पण बाहेर निघेना. बसलेला घट सोडून कशी येऊ म्हणे. गल्लीतल्या रामकिसनकाकांनी समजावलं, सरपंचांनी समजावलं. शेवटी दैवशालाने परडीसकट घट उचलला आणि डोक्यावर घेतला. माय, देवी माझ्या घरी पाहुणी चाल्ली, तुम्ही देवीसंगं चला, असं म्हणाली. रामकिसनकाकांनी दिव्यावर छत्री धरली. कमरेएवढ्या पाण्यातून सगळे तिच्या घरी पोचले. दिवा विझला नाही, असं सात-आठ जणांनी लिहिलंय. आईचा फोन पाण्यात गेला.

मला का सांगितलं नाही, असं सौ.ला विचारलं. ती म्हणाली, सांगितलं की, तुम्ही पोस्टर करत होता. मी रोजनिशी काढून पाहिली. ती काहीतरी सांगत होती, एवढीच नोंद आहे. काय, ते नाही.

खाली आईचा आवाज होता. दैवशालाच्या फोनवरून पाठवलेला. सौ.ने लावला.

"अंगदला कशाला तरास देता बाई. तो पाण्यापावसात लोकांचं बघून राह्यला. मोठं काम हाय त्याचं. मला तुम्ही हायत की."

आईला माझ्या कामाची कदर आहे. समाधान वाटलं. पुन्हा एकदा लावून ऐकलं. दुसऱ्यांदा घसा दुखायला लागला. हवा खराब आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार.

रस्ता सुरू. उद्या पहाटे निघायचं. मोबाइलवर गजर लावला. दैवशालासाठी सन्मानपत्र तयार करतोय: 'समन्वयक अंगद यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या सेवेबद्दल.' सौ.ने वाचलं आणि ती उठून गेली.

३० सप्टेंबर, मंगळवार.

गजर वाजला. घशामुळे निघालो नाही. दसऱ्याला नक्की. सन्मानपत्रातलं 'मार्गदर्शनाखाली' खोडलं. मग 'समन्वयक' खोडलं. मग त्यात फारसं काही उरलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सकाळी ग्रुप मोकळा केला. यापुढे सर्वांनी मनमोकळेपणाने बोलावं, असं लिहिलं. शमीच्या पानांचं चित्र टाकलं. दुपार झाली, कोणी बोललं नाही. आभारसुद्धा नाही.

दोन वाजता लिहिलं: 'माझी आई कशी आहे, कोणी कळवेल का?'

तासाभराने पाहिलं. एकानेच वाचलं होतं. बाकीच्यांनी ग्रुप म्यूट करून ठेवलाय वाटतं. वाचणारी ती एक म्हणजे सौ. निघाली. स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "दैवशालाला फोन लावा ना. आई तिच्याकडंच आहेत."

ब्लॉक कसा काढतात ते माहीत नव्हतं. लावायला जमतं, काढायला शोधावं लागतं. सापडलं. फोन लावला.

दैवशालाने पहिल्याच रिंगला उचलला. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, थांबा भाऊ, मायला देते. एका शब्दाने टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.

मागे बायकांचा हसण्या-बोलण्याचा आवाज. घट उठवून राहिल्या असाव्यात. कोणीतरी म्हणालं, घटाच्या धानाचा पहिला तुरा सत्यनारायणशेठच्या टोपीत खोवा. मग आई फोनवर आली. घाबरलेली.

"अंगद? काय झालं रे? कुणाचं काही बरंवाईट?"

काही नाही, सहज केला, म्हणालो.

"सहज?" ती म्हणाली. वाट पाहत राहिली, खरं कारण मी सांगेन म्हणून.

मी तिला येत्या चार दिवसांचा पावसाचा अंदाज सांगितला.