दुपारचा दमा

प्रिय बडबडे,

हे नाव सध्या तुला शोभत नाही, पण दुसरं काही लिहायला हात धजेना. इतके दिवस झाले, तुझा फोन वाजतो आणि वाजून वाजून गप्प होतो. शेवटी काल तुझ्या घरी जाऊन आले. काकू म्हणाल्या, अगं कंपनीच्याच कामाला गेलीये ना ती, एकाच ठिकाणी नोकरी करता आणि तुला कसं माहीत नाही? मी म्हटलं, हो की, विसरलेच. खोटं बोलताना माझे कान लाल होतात हे तुला माहीत आहे, सुदैवानं काकूंना अलीकडे तितकं दिसत नाही. त्यांनी चहा दिला, तू उतरली आहेस त्या लॉजचा पत्ता दिला, आणि निघताना हळूच विचारलं की तुमचं दोघींचं काही बिनसलंय का. हेच तर मी गेलं वर्षभर स्वतःला विचारत होते.

आज रविवार. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय, म्हणजे बसतेय आणि उठतेय. मघाशी उठून शेगडी घासली, मग मसाल्याच्या बरण्या पुसल्या. नवरा म्हणाला, गुरुवारपर्यंत भांड्यांचे कानसुद्धा झिजतील. गुरुवारी मला साहेबांपुढे उभं राहून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. डेटाबेसवर लक्ष ठेवणारं कोणतं सॉफ्टवेअर कंपनीनं घ्यावं, ही एक. आणि वर्षभर आपली सिस्टिम दुपारी का मरगळत होती, ही दुसरी. तिथं तोंड उघडण्याआधी मला तुझ्याशी बोलायला हवं, आणि फोनवर तू मध्येच तोडशील म्हणून हे पत्र.

दमा तुला आठवतोच. बुकिंगच्या मामांनी ठेवलेलं नाव. जेवणाची सुट्टी झाली की सगळ्या काउंटरचे स्क्रीन धापा टाकायला लागायचे, पावती निघता निघत नसे, पार्सल हातात घेऊन माणसं उभीच. ड्रायव्हर मंडळी गाड्यांत बसून शिव्या घालायची, कारण त्यांच्या हातातल्या यंत्रावर पुढचा पत्ताच उमटायचा नाही. सुट्टी संपली की सगळं आपसूक ठीक. मामा म्हणायचे, सिस्टिमलाही वामकुक्षी लागते. हिशेबवाले आपल्यावर नाव यायच्या आत दुसऱ्यावर ढकलायचे, आणि साहेब माझ्याकडे बघायचे, कारण डेटाबेस माझा. मी नवा सर्व्हर मागून घेतला, रात्रीची कामं पहाटे ढकलली, पण दम्याला काही उतार पडला नाही. आणि नेमकं त्या वेळी काय चाललंय ते बघायला मी जागेवर नसायचेच. मी खाली कँटीनमध्ये डबा खात असायचे, तुझ्यासाठी खुर्ची धरून.

ती खुर्ची मी बरेच दिवस धरली, बरं का. पहिल्यांदा तू म्हणालीस काम आहे. मग म्हणालीस पोट ठीक नाही. मग काहीच म्हणेनाशी झालीस. मी मनात यादीच केली माझ्या चुकांची, तुझ्या नव्या चपलांना हसले होते तिथपासून. माझ्या डब्यातली भाजी तू न विचारता उचलायचीस त्याचा मला राग यायचा, आणि आता ती तशीच उरायची त्याचा जास्त राग यायला लागला. शेवटी मीही तोंड फुगवून बसले. तू तक्रार विभागात वरच्या मजल्यावर, मी खाली. जिन्यात दिसलो की हसायचं, बस.

असो. दम्याला औषध म्हणून साहेबांनी तीन सॉफ्टवेअर चाचणीला मागवली आणि तीनही एकदमच लावायला सांगितली. पहिल्याचा विक्रेता इस्त्रीतून नुकताच काढल्यासारखा. त्याचं सॉफ्टवेअर सुंदर रंगीत तबकड्या दाखवायचं, मशीन दमलंय हे छान सांगायचं, कशानं दमलंय ते मात्र नाही. ताप आलाय हे आम्हाला हात लावूनही कळत होतं. दुसऱ्याचा माणूस म्हणजे मधाचं बोट. त्याचं सॉफ्टवेअर ऊठसूट इशारे पाठवायचं, लांडगा आला रे आला, इतके की दुसऱ्याच दिवसापासून माझ्या हाताखालच्या दोघांनी त्याकडे बघणं सोडलं. तिसरा माणूस घुम्या. आला, लावून दिलं, गेला. पण त्याचं सॉफ्टवेअर एक गोष्ट करायचं जी बाकीची दोन करत नव्हती. डेटाबेसला कोणी, कोणत्या लॉगिननं, काय विचारलं, त्याला किती वेळ लागला आणि उत्तरात किती नोंदी आल्या, हे सगळं ते जपून ठेवायचं.

आणि मग एका गुरुवारी दमा आलाच नाही. शुक्रवारीही नाही. पुढच्या आठवड्यात तर पावत्या भराभर निघायला लागल्या. साहेबांनी मधाच्या बोटाला बोलावून त्याचा हात दाबला. लक्ष ठेवणारं कोणी आहे म्हटल्यावर सगळे सुतासारखे सरळ आले, असं त्यांचं म्हणणं. त्या माणसानंही ते श्रेय विनयानं खिशात घातलं. मला पटेना. कोणी काही बदललेलं नसताना दुखणं आपणहून जात नाही. म्हणून मी घुम्याचं सॉफ्टवेअर उघडलं आणि मागे जाऊन शोधलं की आधी रोज दुपारी काय होतं जे आता नाही.

एकच शोध होता, रोजचा, सुट्टी सुरू होताच. कंपनी सुरू झाल्यापासूनची सगळी पार्सलं धुंडाळून, घेणाऱ्याच्या नावात कुठेही एक ठरावीक नाव येतंय का ते बघायचं. कुठेही, म्हणजे मागेपुढे काहीही असो. अगं, असं विचारलं की डेटाबेसला अनुक्रमणिका वापरता येत नाही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अख्खं पुस्तक वाचावं लागतं. तेवढ्यात बाकीच्यांनी रांगेत ताटकळायचं. मी मनात म्हटलं, हे कोणा नवशिक्याचं काम, धरून चांगली खरडपट्टी काढते. मग शोधलेलं ते नाव वाचलं, आणि लॉगिन कोणाचं ते बघायची गरज उरली नाही. त्याची चार वेगवेगळी स्पेलिंग्ज लिहिलेली, काउंटरवरचे कारकून जशी चुकवतात तशी.

तुमच्या बाहेरच्या खोलीत, दाराच्या वर, ते नाव चौकटीत लावलेलं आहे. पोहण्याच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र. पहिल्यांदा तुझ्या घरी आले तेव्हा मी विचारलं होतं की कोपऱ्यात पेन्सिलनं मासा कोणी काढलाय, आणि तू म्हणालीस, धाकट्या भावानं, तो सही करतो तिथं शेवटी मासा काढतो, बाबांनी त्यासाठी मारलंसुद्धा त्याला. एवढंच बोललीस. तो घर सोडून गेल्याचं मला पुढे काकूंकडून कळलं, आणि त्यावर तू कधी बोलली नाहीस म्हणून मीही विचारलं नाही. तुझ्या बडबडीत हा एक दरवाजा बंद होता.

मी त्या शोधाचा मागचा सगळा इतिहास चाळला, चाचणी सुरू झाली तिथपर्यंत. उत्तरात आलेल्या नोंदी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. शून्य, शून्य. सुट्टीत खाली कँटीनमध्ये मी तुझ्यावर रुसलेली आणि वर तू उपाशी बसून हे शून्य बघत असलेली. आणि मग त्या बुधवारी एक. त्यानंतर शोधच नाही. गुरुवारपासून तू रजेवर आणि दमा बरा. मी स्क्रीनसमोर बसून रडले, रागानं की कशानं ते सांगता येणार नाही. शेजारच्या पोरानं विचारलं, मॅडम, डेटा गेला का?

आता खरं ते लिहिते. पहिला विचार आला तो मधाच्या बोटाचं सॉफ्टवेअर घ्यायचा. साहेबांना तेच हवंय. त्याच्यात तुझं नाव कुठेच नाही. मी नुसती मान डोलवायची, तिसरं परत पाठवायचं, त्याच्याबरोबर चाचणीच्या नोंदी पुसल्या जातात. ग्राहकांची माहिती स्वतःसाठी उघडली तर त्याच दिवशी नोकरी जाते, हे पहिल्या दिवशी तूही सही करून मान्य केलंयस आणि मीही. तुझ्या पगारावर घर चालतं. दोन दिवस मी मान डोलवायची मनाची तयारी केली. पण तो औषधाचा डबा आठवतो तुला? बायकोचं औषध यायचं म्हणून आपल्या काउंटरवर उभा राहिलेला तो म्हातारा माणूस, डबा समोर फळीवर दिसतोय आणि पावती निघत नाही म्हणून हातात मिळत नाही. त्याची तक्रार तूच लिहून घेतली होतीस. खाली येऊन मला झापलं होतंस की तुझ्या त्या डेटाबेसच्या डब्ब्याचं काहीतरी कर. तुला तेव्हा माहीत होतं का गं, की तो तुझ्याच शोधामागे ताटकळलाय? मला वाटतं नव्हतं. मला वाटतं, कळलं असतं तर तू थांबली असतीस. की नसतीस? मला हे विचारायचंय, आणि समोर बसून विचारायचंय.

आणि आणखी एक, जे तुला घरातलं कोणी म्हणणार नाही. धाकटा हरवला नव्हता. चांगला कळता होता, बाबांशी भांडून आपल्या पायांनी गेला. त्याला पत्ता माहीत आहे तुमचा. तू त्याला शोधावंस यात मला काही वावगं वाटत नाही, मीही तेच केलं असतं. पण त्याला सापडायचं आहे का, हे कोणीच त्याला विचारलेलं नाही.

मी गुरुवारी तिसरंच सॉफ्टवेअर घ्या म्हणून सांगणार आहे. चांगलं तेच आहे, आणि याच कामाचा मी पगार घेते. दम्याचं कारण विचारतील, तेही सांगेन. त्याआधी तू परत आलीस आणि आपणहून साहेबांना सांगितलंस तर बरं, मी शेजारी उभी राहीन. नाही आलीस तर मला सांगावं लागेल. पण तेव्हा पडद्यावर तुझं एकटीचं नाव नसेल. तोच शोध, त्याच चार स्पेलिंगांसकट, परवा शुक्रवारी दुपारी आणखी एकदा चालवला गेलाय. माझ्या लॉगिनवरून. सॉफ्टवेअर बघतंय हे पक्कं माहीत असताना.

का, ते ऐक, आणि यासाठीच हे पत्र. तुला एक नोंद दिसली होती, मला दोन दिसल्या. पहिलीवरचा पत्ता तुझ्या लॉजपासून चार पावलांवर आहे. मला तू माहीत आहेस, तू त्या दारासमोर कुठेतरी बसून असशील, खाण्यापिण्याची शुद्ध नसेल. ऊठ तिथून. ते पार्सल परत आलं, 'येथे राहत नाहीत' असा शेरा मारून. पाठवणाऱ्यानं ते पुन्हा दुसऱ्या पत्त्यावर लावलं, आणि गेल्या गुरुवारी ते पोचलं. तो पत्ता मी या पत्रात लिहिलेला नाही आणि विचारलास तरी देणार नाही, कितीही शिव्या घातल्यास तरी. तू घरी ये. एक खोकं भर, त्याच्यात काय घालायचं ते काकूंना सगळं सांगून दोघी मिळून ठरवा, आणि माझ्याकडे आण. मी ते साध्या माणसासारखं काउंटरवर, रांगेत उभं राहून लावीन. नको असेल तर तो परत पाठवेल. हवं असेल तर सही करेल. त्याची सही कशी आहे ते आता मलाही माहीत आहे, कारण पोचपावतीवरची मी उघडून बघितली. नाव धड वाचता येत नाही, नुसती घाईघाईची रेघ आहे. पण रेघेच्या शेवटी त्यानं मासा काढलाय.

खुर्ची धरून बसलेली,
तुझीच पहारेकरीण