सहावा प्रश्न

टोलेडो, रविवार

वेंडेल,

गोदामाच्या आगीवरून तुझी खोटं पकडायची चाचणी ठरली, तेव्हा तू फोन केलास. "लोरेटा, तू अकरा वर्षं याच चाचण्या घेतेस. सांग, काय करू?"

मी म्हणाले, "खरं बोल, गाढवा. बाकी काही लागत नाही."

सहाव्या प्रश्नाचं मी सांगितलं नाही. 'जवळच्या कुणाला कधी फसवलंस?' याला सगळेच 'नाही' म्हणतात आणि आतून घाबरतात. आगीच्या प्रश्नाला छाती त्याहून कमी धडधडली, की माणूस सुटतो. तू मात्र यंत्राचे पट्टे बांधण्याआधीच सगळं ओकलास, बाबांची गाडी ठोकून दोष माझ्यावर ढकललास तेसुद्धा. लपवायला काही उरलंच नाही, म्हणून सहाव्याला तुझी रेघ सपाट राहिली. आगीचं नाव काढल्यावर उडाली, कुणाचीही उडेल तशी.

प्रत्येक आलेख दुसऱ्या परीक्षकाकडे पडताळायला जातो; त्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. तसाच एक माझ्याकडे आला. मी दोन मिनिटांत 'खोटं बोलतोय' लिहून सही केली. तो कागद दाखवून पोलिसांनी नऊ तासांत तुझ्याकडून कबुली लिहून घेतली. नंबर तुझा होता, हे मला त्यानंतर कळलं.

तुरुंगात पत्रं उघडून वाचतात म्हणून हे टाकत नाही, असं मी स्वतःला सांगते.

आज जेवताना आईने विचारलं, "त्या कागदावर तुमच्यातल्याच कुणीतरी सही केली म्हणे. कोण गं तो?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

माझा श्वाससुद्धा अडखळला नाही.

लोरेटा