दोन नंबरची प्रेस का थांबते

२६ सप्टेंबर

परत थांबली! पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या फारूकभाईंचा फोन — "मॅडम, मी हात घातलाच नव्हता. आपोआप थांबते दोन नंबर. आज तिसऱ्यांदा." म्हटलं, वायरिंगचा त्रास असेल, केबल बदलू. थांबते तर थांबू दे की, न थांबण्यापेक्षा बरं.

चाकणच्या त्या शेडमधल्या दोन्ही प्रेसना मिळून आमच्या कंपनीचा एकच कंट्रोल बोर्ड आहे, आणि त्याचा प्रोग्रॅम मी एकटीने लिहिलाय. प्रेसच्या तोंडाशी उजेडाचा पडदा. त्यात हात आला की प्रेस जागच्या जागी थांबली पाहिजे. एवढंच काम. एक नंबरवर कस्तुराताई असते, आमच्याच बिल्डिंगमधली, तळमजल्यावरची.

आमचे बॉस कुलदीप सर मात्र खुशीत. "मिनल, अजून एक बोर्ड विकला गेला! तोच प्रोग्रॅम, जसाच्या तसा." कुठे गेला ते विचारायचं राहिलं.

२८ सप्टेंबर

केबल बदलली. तरी थांबली.

३० सप्टेंबर

जिन्यात कस्तुराताई भेटली. तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी दिली. म्हणे, "तुजा पडदा आल्यापासून म्या लई झपाझप काम काढते बग. हात आत ऱ्हायला तर ऱ्हायला. पडदा हाय ना!"

अगं बाई, असं नको करूस! म्हटलं मी. ती हसली नुसती.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी



शेडमध्ये मशीनची पूजा होती, मलाही बोलावलं होतं. दोन्ही प्रेसना झेंडूचे हार. नारळ फुटला, मग मुहूर्ताचा एक जॉब काढायला फारूकभाईंनी दोन नंबर चालू केली — आणि थांबली! सगळे हसले. सुपरवायझर उद्धवराव म्हणाले, "देवीलाच सुट्टी पाहिजे राव!" मी पण हसले. फारूकभाईंचा हात तर खिशात होता. आणि मग एक नंबरकडे नजर गेली. पंख्याच्या वाऱ्याने तिचा हार हलत होता. हार पडद्यात आला की दोन नंबर थांबत होती. एक नंबरच्या पडद्यात!

घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि दोन मिनिटांत दिसलं. पडदा तुटला की चिप एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याला, हाक मारते. पण क्लासच्या, म्हणजे दोन्ही प्रेसच्या सामाईक साच्याच्या, आतलं फंक्शन तिला थेट देता येत नाही. ते कोणत्या प्रेसचं, हे सांगायची सोयच नसते. म्हणून मी सगळे करतात तेच केलं — बाहेर एक साधं फंक्शन, आणि शेजारी एका जागी प्रेसचा पत्ता. जागा एकच! आधी तिथे एक नंबरचा पत्ता गेला, मग त्यावरच दोन नंबरचा. आता पडदा कोणाचाही तुटो, थांबते दोन नंबर. चाचणी घेतली तीही दोन नंबरवरच, कारण एक नंबरचं प्रॉडक्शन उद्धवराव थांबवू देईनात.

म्हणजे इतके दिवस फारूकभाईंची प्रेस उगाच थांबत नव्हती. तेव्हा कस्तुराताईचा हात आत होता. दर वेळी. आणि तिची प्रेस चालूच होती!

सरांना फोन केला. म्हणाले, "उद्या सुट्टी आहे ना? परवा बघू. कस्टमरला काही बोलू नकोस."

२ ऑक्टोबर, दसरा

कस्तुराताई सोनं द्यायला वर आली. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, मी तिची बोटंच बघत राहिले. सगळी आहेत. मला रडूच कोसळलं. तिला म्हटलं, उद्या मी येईपर्यंत मशीनला हात लावू नकोस, शपथ आहे माझी. "आन् हजेरी गेली मंजी?" मी बोलते म्हटलं.

नोकरी गेली तर जाऊ दे.

३ ऑक्टोबर

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेटवर उभी राहिले. उद्धवरावांना सगळं सांगितलं. आधी भडकले — "मॅडम, डिस्पॅच कोण देणार? तुम्ही?" मग मी झाडूचा दांडा चालू एक नंबरच्या पडद्यातून आत धरून दाखवला. प्रेस दणकन खाली आली, दांड्याचे दोन तुकडे. उद्धवरावांनी स्वतःच स्विच पाडला. एक नंबर बंद!

दिवसभर बसून बदललं. प्रत्येक प्रेसला तिची वेगळी जागा, वेगळा पत्ता. नवा दांडा आणून दोन्हीकडे पुन्हापुन्हा बघितलं. जिचा पडदा, तीच थांबते. किती दिवसांनी पोटभर जेवले आज.

सर चिडलेत. चिडू देत.

कस्तुराताई रिकामी बसू नये म्हणून उद्धवरावांनी तिला उद्यापासून त्यांच्याच म्हाळुंग्याच्या दुसऱ्या शेडला टाकलंय. बरंच झालं. थोडे दिवस त्या प्रेसपासून लांब राहील.

४ ऑक्टोबर, रिक्षात

अंघोळीला गेले होते तेव्हा तिचा व्हॉइस मेसेज आला — "मिनल, अगं हितंबी तुजाच डबा लावलाय की! नवाकोरा! आन् एक नंबरच दिलीय मला. आता कायबी भ्या न्हाई बग."

म्हणजे सरांचा तो दुसरा बोर्ड तिथेच गेलाय, जुनाच प्रोग्रॅम घेऊन. फोन लागत नाही तिचा. तिथे गेटवर जमा करतात. उद्धवराव उचलत नाहीत, सर उचलत नाहीत. तळवड्यात ट्रॅफिक आहे. शिफ्ट सुरू झाली असेल.